खोक्यातली साबणाची वडी

१

खोक्यातून कानाचं यंत्र निघायच्या ऐवजी साबणाची वडी निघाली, आणि त्याच दिवशी एका माणसाची नोकरी गेली. पुरती गेली नव्हती अजून, लटकली होती. ऑनलाइन माल विकणाऱ्या त्या कंपनीत नोकरी लटकवायला फारसं काही लागत नसे. गिऱ्हाइकाने तक्रारीचं बटण दाबलं की पार्सल पोहोचवणाऱ्याचं खातं आपोआप बंद पडायचं. चौकशी मागाहून व्हायची. आणि चौकशी तरी कसली, खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते आधीच ठरलेलं असायचं.

तक्रार विभागात एक बाई होत्या. प्रत्येक गोष्टीला टोचून बघायची सवय, म्हणून सगळे त्यांना टाचणीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्यांना ते चालायचं. दिवसभर लोकांच्या फुटक्या बरण्या, आखूड पडदे आणि एका पायाचे बूट यांच्याबद्दल गोड आवाजात दिलगिरी व्यक्त करणं हे त्यांचं काम होतं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या चुकीची माफी मागून त्यांच्या जिभेला कायमची कडू चव आली होती.

"संध्याकाळपर्यंत सही करून टाका," साहेब म्हणाले. "साबण आहे, व्हिडिओ आहे, पार्सलवाला आहे. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"यंत्र पाहिजे," टाचणीबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"साबण सापडला. यंत्र कुठे गेलं?"

"ते त्याला विचारा ना!" साहेबांनी दाराकडे बोट दाखवलं आणि फोन उचलला.

दाराबाहेरच्या बाकावर पार्सलवाला बसला होता. पाठीवरची पिशवी काढून घेतलेली, तरी पुढे वाकूनच बसला होता.

"बाई, मला यंत्र कशाला लागतंय?" तो म्हणाला. "माझे कान चांगले आहेत. नको इतके चांगले आहेत. आमच्या चाळीत माझ्याबद्दल काय बोलतात ते सगळं ऐकू येतंय. आज माझ्या बाजूने निकाल लागला नाही तर मला काढलाच म्हणून समजा. आणि इथून चोर म्हणून काढलेल्याला दुसरीकडे कोण उभं करणार?"

टाचणीबाईंनी त्याला धीर दिला नाही. खोटा धीर द्यायचा पगार त्यांना गिऱ्हाइकांसाठी मिळत होता. त्या जागेवर येऊन व्हिडिओ बघू लागल्या.

माल महागाचा असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ पाठवावा लागे, असा कंपनीचा नियम होता. या व्हिडिओत एक बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोकं ठेवते, चारी बाजू दाखवते. टेप शाबूत. मग टेपचं टोक धरून एका ओढीत टेप सर्रकन काढते. आत कागद, कागदात साबणाची वडी. वडीची एक कड ब्लेडने तासल्यासारखी सपाट. बाई किंचाळते आणि व्हिडिओ संपतो.

टाचणीबाई वडीपाशी अडकल्या. वडी तासलेली का? खोक्यावर छापलेल्या वजनाशी बरोबर जुळावी म्हणून. पण स्कूटरवरून धावपळ करणारा माणूस रस्त्यात तराजू काढून साबण तासत बसेल का?

मग त्यांनी पार्सल दिल्याचा फोटो उघडला. पार्सल हातात देताना पार्सलवाल्याने दारात फोटो काढायचा, हाही नियमच. फोटोत खोकं अर्धं त्याच्या हातात, अर्धं घेणाऱ्या बाईच्या हातात होतं. आणि खोक्यावर जाड मार्करने काढलेला मोठा दोनचा आकडा. जिन्यात पत्ता वाचत बसायला नको म्हणून हा गडी सकाळी गोदामातच प्रत्येक खोक्यावर मजल्याचा आकडा टाकून ठेवायचा. त्याची ही सवय सगळ्यांना ठाऊक होती. आकडा काढताना तो कशाचीच तमा बाळगायचा नाही, पुठ्ठा असो की टेप. फोटोत त्या दोनचं शेपूट टेपवरून ऐटीत गेलेलं दिसत होतं.

त्यांनी पुन्हा व्हिडिओ लावला आणि थांबवला. तेच खोकं, तोच दोन. पण शेपूट टेपपाशी तुटलं होतं. टेप त्याच्या वर होती.

म्हणजे पार्सल दारात पोहोचल्यावर कुणीतरी ते उघडलं होतं आणि पुन्हा चिकटवलं होतं.

२

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार सुनेने उघडलं, व्हिडिओतली बाई तीच. कामावर जायच्या तयारीत होती, एका हातात कंगवा.

"पैसे मिळाले आम्हाला, म्हणजे नणंदेला," ती म्हणाली. "तिनेच पाठवलं होतं यंत्र, तिच्या बाबांसाठी. लांब राहून प्रेम करायला काय जातं? मग आता काय राहिलं?"

"थोडं विचारायचं होतं. पार्सल कधी आलं?"

"गुरुवारी. आम्ही दोघं कामावर असतो, आणि यांना बेल ऐकू येत नाही. म्हणून पार्सल शेजारीण घेते. गुरुवारी संध्याकाळी आले तर टेबलावर होतं. सासरे म्हणाले, आत्ताच दिलं शेजारणीने. लगेच व्हिडिओ काढून उघडलं."

दारातला फोटो बुधवारी दुपारचा होता.

पुढच्या खोलीत खिडकीजवळ सासरे बसले होते. आयुष्यभर एका डॉक्टरांकडे औषधं बांधायचं काम केलेलं, म्हणून अख्खी इमारत त्यांना कंपाउंडर म्हणायची. स्वच्छ शर्ट, कापलेली नखं, मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र. टाचणीबाईंनी नमस्कार केला तसे ते हसले आणि कानाला हात लावून मान हलवली.

"ओरडलात तर थोडंफार कळेल," सून म्हणाली आणि आत गेली. आतून तिचा फोनवरचा दबका आवाज आला. नवऱ्याशी बोलत असावी. "हो, आली आहे कंपनीची बाई. नाही रे, काय सांगणार आहे पुतळा? बसलाय खिडकीत."

टाचणीबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी कंपाउंडरांकडे पाहिलं. त्यांना अर्थातच काही ऐकू आलेलं नव्हतं, ते खिडकीबाहेर बघत होते.

"काका!" टाचणीबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या. "पार्सल तुम्ही उघडलं होतं?"

"नाही, नाही. जसं आलं तसं ठेवलं."

"कुणावर संशय?"

कंपाउंडरांनी मांडीवरचं वर्तमानपत्र सरळ केलं. मग हलकेच हसून म्हणाले, "पुतळ्याने काय साक्ष द्यायची, बाई?"

इतक्यात सून पर्स अडकवत बाहेर आली. "मी निघते. मला विचाराल तर त्या शेजारणीला धरा. घरी कापडी बाहुल्या शिवते आणि तुमच्याच कंपनीतून विकते. तुमची ती नाव छापलेली टेप रिळंच्या रिळं पडलेली असते तिच्याकडे. पार्सल दिवसभर तिच्या घरात होतं, मी सांगते ना."

कंपनीची छापील टेप, घरातच. हा मुद्दा टाचणीबाईंच्या डोक्यातही आला नव्हता. त्यांनी बाहेर पडून समोरचं दार वाजवलं.

३

शेजारणीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर डोळे न लावलेल्या बाहुल्या, खुर्चीवर कापूस, आणि भिंतीशी पाठवायच्या खोक्यांची चळत. कोपऱ्यात टेपची रिळं. कंपनीने तिच्या विक्रीसाठी दिलेली, वर कंपनीचं नाव छापलेली.

"माझ्या दोन बाहुल्या परत आल्या आहेत, त्याचं बोला आधी," शेजारीण कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणतं, बाहुली हसत नाही. मी काय प्रत्येकीला गुदगुल्या करून पाठवू?"

"ते नंतर. समोरच्यांचं पार्सल तुम्ही कधी दिलंत?"

"बुधवारी. आलं तसं लगेच जाऊन काकांच्या हातात दिलं."

"ते म्हणतात गुरुवारी दिलं."

शेजारणीचा चेहरा पडला. "काका असं म्हणतात? का बरं म्हणतील?"

टाचणीबाईंची नजर चळतीवर गेली होती. त्यांनी वरचं खोकं उचललं, खालचं उचललं, त्याच्या खालचं उचललं. प्रत्येक खोक्यावरच्या टेपचं टोक बोटाच्या पेराएवढं आत दुमडलेलं होतं. चिमटीत धरून ओढायचं की झालं, कात्री नको की नखं मोडायला नकोत.

व्हिडिओतली सूनही टोक चिमटीत धरूनच टेप ओढत होती. टाचणीबाईंनी फोन काढून पुन्हा बघितलं. दुमडलेलं टोक स्पष्ट दिसत होतं. गोदामात टेप यंत्र लावतं आणि पात्याने कापतं. तिथे कुणाला कुणाच्या नखांची पडलेली नसते.

"ताई," टाचणीबाई शांतपणे म्हणाल्या, "समोरचं खोकं परत चिकटवणाऱ्याने टेप अशीच लावली आहे. टेप तुमची, दुमडायची रीत तुमची. आता खरं सांगा, नाहीतर संध्याकाळी मला तुमचं नाव लिहावं लागेल."

शेजारीण आधी चिडली, मग रडवेली झाली. हातातली बाहुली तिने उगाचच उलटी केली.

"माझं नाव लिहू नका हो. या बाहुल्यांवर घर चालतं माझं," ती म्हणाली. "मी शिवते फक्त. खोकी मी नाही बांधत."

"मग कोण बांधतं?"

"दुपारी एकटे असतात ना ते. बोलायला कुणी नाही. म्हणून येऊन बसतात माझ्याकडे. म्हणतात, पूर्वी पुड्यांचं टोक असंच दुमडून ठेवायचो, म्हणजे हात थरथरणाऱ्या पेशंटलाही उघडता यायचं." ती थांबली आणि समोरच्या दाराकडे बघत राहिली. "काका बांधतात."

४

समोरच्या घराची किल्ली शेजारणीकडे असे. टाचणीबाई एकट्याच आत गेल्या.

कंपाउंडर तसेच खिडकीत बसले होते. टाचणीबाईंना आता ओरडायची इच्छा नव्हती. त्यांनी शेजारणीकडून आणलेला टेपचा तुकडा त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवला, दुमडलेलं टोक वर करून.

कंपाउंडरांनी तुकड्याकडे पाहिलं. मग उठून कपाटापाशी गेले, मलमाची एक जुनी डबी घेऊन आले, तिच्यातलं यंत्र काढून कानात बसवलं. हात अजिबात थरथरत नव्हता.

"बोला," ते म्हणाले. "हळू बोललात तरी चालेल."

टाचणीबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच गुन्हेगार सापडल्याचा त्यांना राग आला.

"तुमच्यावर संशय टेपमुळे आला," त्या म्हणाल्या. "साबण तासून वजन जुळवलंत. औषधं तोलणारा माणूस अंदाजाने काम करत नाही. पण खरं सांगू? मला खटकलं ते वेगळंच. सूनबाई तुम्हाला काय म्हणते ते तुम्हाला माहीत होतं. तो शब्द ती आतल्या खोलीत, हळू आवाजात वापरते. ऐकू न येणाऱ्या माणसापर्यंत तो पोहोचायचं काही कारण नाही. म्हणजे मधे केव्हातरी तुम्हाला ऐकू आलं."

कंपाउंडरांनी मान हलवली. "बुधवारी संध्याकाळी."

"काय झालं?"

"पार्सल मिळालं. म्हटलं, ही दोघं यायच्या आत यंत्र घालून बसू, जरा गंमत करू. सूनबाईने हाक मारली की पटकन ओ देऊ. चांगली दचकेल." ते हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. "खोकं पलंगाखाली सरकवलं आणि इथे बसलो. दोघं आली. मला वाटलं होतं तसं कुणी हाक मारलीच नाही. सून म्हणाली, पुतळ्याचं यंत्र येणार आहे म्हणे, आता आपण बोलायचं कुठे? तर मुलगा म्हणाला, बहिरा आहे तेच बरं, त्याला ऐकू यायला लागलं तर पुन्हा डोकं खाईल. आणि हसला."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. कंपाउंडरांनी त्या आवाजाकडे मान वळवली आणि परत आणली.

"किती वर्षांनी ऐकलं मी त्याचं हसणं. लहानपणी हसायचा अगदी तसाच हसला, बाई."

टाचणीबाईंना त्या मुलाचा संताप आला, स्वतःच्या नोकरीचा आला, आणि इतक्या नीटनेटक्या बसलेल्या या म्हाताऱ्याचाही आला.

"नको म्हणायचं होतं मुलीला. परत पाठवता आलं असतं."

"ती विचारणार, का? मी काय सांगू? तुझा भाऊ काय बोलतो ते ऐकायचं नाही म्हणून? दोघांचं उभं भांडण. मोडकं निघालं म्हटलं असतं तर तिने दुसरं पाठवलं असतं. पेपरात वाचलं होतं, पार्सलांतून साबण निघतात. अशी फसवणूक झाली की लोक त्या वाटेला पुन्हा जात नाहीत. सून व्हिडिओ काढणार हे माहीत होतं, म्हणून सगळं नीट केलं. पैसे मुलीला मिळतील, आणि जाईल कुणाचं? कंपनीचं. एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतो?"

"कंपनीला नाही पडला," टाचणीबाई म्हणाल्या. "पार्सल आणणाऱ्याला पडला. त्याला चोर ठरवलंय. आज संध्याकाळी काढून टाकतील."

कंपाउंडर ताडकन उभे राहिले. वर्तमानपत्र खाली पडलं.

"तो जिना चढून येणारा? का? त्याने काय केलं?"

"काही नाही. आमच्याकडे तसंच चालतं."

५

खरं काय घडलं ते कळून भागत नव्हतं, ही खरी पंचाईत होती. तक्रार ज्याच्या नावाची त्यानेच ती मागे घ्यायची, हा नियम. खरेदी मुलीच्या नावावर होती. तिने कंपनीच्या फोनवर, ध्वनिमुद्रण चालू असताना, चूक आमच्या घरची होती असं म्हटल्याशिवाय पार्सलवाल्याचं खातं उघडणार नव्हतं. आणि ती तसं म्हणायची तर तिला कारण सांगावं लागणार.

"मी सांगते तिला," टाचणीबाई म्हणाल्या. "सगळं सांगते. तुमच्या मुलाला कळू दे एकदा."

"मग काय होईल?"

टाचणीबाईंनी हातातल्या फोनकडे पाहिलं.

"ती तिकडून भावाशी बोलणं तोडेल," कंपाउंडर म्हणाले. "आणि मी राहणार इथेच, त्याच्याच घरात. तिच्याकडे एक खोली आहे, त्यात ती चौघं राहतात. मला न्यायचं म्हणेल आणि नेता येणार नाही, म्हणून रडेल. नको. फोन लावा. मीच बोलतो."

त्यांनी खाली पडलेलं वर्तमानपत्र उचललं, घडी घालून बाजूला ठेवलं. टाचणीबाईंनी कार्यालयातून फोन जोडून घेतला, ध्वनिमुद्रण सुरू झाल्याची सूचना झाली, आणि मुलीचा आवाज खोलीत आला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना? हळू बोलते आहे का मी? ऐकू येतंय?"

कंपाउंडरांनी डोळे मिटले. मुलीचा आवाज इतका स्वच्छ त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पूर्वी फोनवर नुसती खरखर यायची आणि ते अंदाजाने हो, हो म्हणत असत.

"येतंय," ते म्हणाले. "अगं, त्या यंत्राचं सांगायचं होतं. चोरी नाही झाली. मीच काढून ठेवलं."

"म्हणजे?"

"साबण मी घातला आत. वाटलं, पैसे परत मिळतील आणि यंत्रही राहील. ते विकून थोडे पैसे हाताशी राहतील. आता अंगाशी आलं. तू तक्रार मागे घे. बिचारा एक माणूस विनाकारण भरडला जातोय."

टाचणीबाई पुढे झुकल्या. खरं काय ते ओरडून सांगावं, असं त्यांच्या अगदी ओठापर्यंत आलं. कंपाउंडरांनी त्यांच्याकडे न बघता हात वर करून त्यांना थांबवलं.

"घेतली मागे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "लिहून घ्या, चूक आमच्या घरची आहे. झालं? बाबा, दादा सांगायचा, तुम्ही वस्तू लपवता, खोटं बोलता. मी त्याच्याशी भांडायचे. म्हणायचे, माझे बाबा असे नाहीत." ती थांबली. "पोटाला चिमटा काढून घेतलं होतं मी ते. माझ्याकडे मागायचं होतंत ना हो. आता मला फोन करू नका काही दिवस."

फोन बंद झाला. टाचणीबाईंच्या हातातल्या फोनवर कार्यालयाचा निरोप झळकला. तक्रार रद्द, पार्सलवाल्याचं खातं सुरू. हा निरोप वाचून आपल्याला आनंद व्हायला हवा होता, असं त्यांना वाटलं.

"सुटला का तो?" कंपाउंडरांनी विचारलं.

"सुटला."

"बरं झालं."

त्यांनी कानातलं यंत्र हळूच काढलं, रुमालाने पुसलं, मलमाच्या डबीत ठेवलं आणि झाकण लावून डबी टाचणीबाईंच्या हातात दिली.

"काका, ठेवा तुम्ही," टाचणीबाई म्हणाल्या. "मी काहीतरी करते. निदान मुलीसाठी ठेवा. ती करेल फोन, राग गेला की." मग त्यांच्या लक्षात आलं की आता ओरडायला हवं. त्या ओरडल्याही. कंपाउंडरांनी ऐकल्यासारखी मान हलवली, हो, हो म्हणाले, आणि डबीवरचा त्यांचा हात थोपटला.

"परत घेऊन जा, बाई," ते म्हणाले. "आणि लिहा तसं, यंत्रात काहीही खोट नाही. शब्दन् शब्द ऐकू येतो."